तुमच्या नेटचा पत्ता नक्की कुणाचा?

फॉर्म शेवटच्या दिवशी भरायचा, ही आपली जुनी परंपरा. मीही ती मोडलेली नाही. मागच्या वर्षी अशीच एका प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला शेवटच्या संध्याकाळी अणदूरला घरच्या ब्रॉडबँडवर बसले होते. फोटो अपलोड झाला, सही अपलोड झाली. पैसे भरायच्या पानावर गेले आणि स्क्रीनवर एक ओळ आली. तुमच्या आयपी ॲड्रेसवरून खूप जास्त विनंत्या आल्या आहेत, काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

खूप जास्त? अहो, मी तर पहिल्यांदाच आले होते! पेज रिफ्रेश केलं, ब्राउझर बदलला, राउटर बंद करून चालू केला. तीच ओळ. शेवटी भाऊ म्हणाला, ‘‘माझं हॉटस्पॉट घे की.’’ त्याच्या मोबाइलवरून पाच मिनिटांत फॉर्म गेला. लॅपटॉप तोच, मी तीच, फॉर्म तोच. बदलला होता फक्त पत्ता.

हे तुमच्याबरोबरही झालं असेल. ओटीपी येतो पण साइट आत घेत नाही. ‘मी रोबोट नाही’ म्हणत सिग्नल आणि बसची चित्रं दहा-दहा वेळा निवडावी लागतात. गेम खेळताना मित्राला होस्ट करता येत नाही. आपण म्हणतो, ‘नेट स्लो आहे’. नेट स्लो नसतं. बऱ्याचदा तुमचा इंटरनेटवरचा पत्ता तुमचा एकट्याचा नसतो, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. आज माझं म्हणणं त्या न सांगण्याबद्दल आहे.

पत्ते संपले, आणि ते पण २०११ मध्ये

इंटरनेटवर काहीही मागवायचं तर ते परत कुठे पाठवायचं हे कळावं लागतं. त्यासाठी आयपी ॲड्रेस. आज सगळीकडे चालतो तो आयपीव्ही-४ हा प्रकार १९८१ मध्ये ठरला. त्यात एकूण पत्ते किती? ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे सुमारे ४३० कोटी. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले विंट सर्फ यांनी नंतर अनेकदा सांगितलंय, की आपण हे एक प्रयोग म्हणून ठरवत होतो, तेव्हा एवढे पत्ते पुरे वाटले होते. प्रयोग संपलाच नाही. तोच प्रयोग आज आपल्या खिशात आहे.

हे पत्ते वाटायची एक उतरंड आहे. सगळ्यात वर आयाना ही जागतिक संस्था. तिच्याखाली पाच खंडीय नोंदणी संस्था. आशिया-पॅसिफिकची संस्था म्हणजे एपनिक, तिचं ऑफिस ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये. तिच्याखाली भारतात इरिन, जी निक्सी या संस्थेचा भाग म्हणून २०१२ पासून काम करते. तिच्याकडून सेवा पुरवठादार कंपन्यांना, आणि कंपन्यांकडून आपल्याला. ग्रामपंचायतीचा नळ जसा टाकीतून वस्तीत आणि वस्तीतून दारात येतो, तसंच.

आता अडचण बघा. फेब्रुवारी २०११ मध्ये आयानाच्या टाकीत पाणी संपलं. एप्रिल २०११ मध्ये एपनिक तिच्या शेवटच्या साठ्यावर आली, आणि जगातली पहिली ‘रेशनिंग’ आपल्याच खंडात सुरू झाली. आधी नव्या सदस्याला जास्तीत जास्त १०२४ पत्ते मिळायचे. २०१९ पासून ते ५१२ झाले. भारताचं इरिन हे टाकीच्या शेवटच्या टोकाला २०१२ मध्ये उभं राहिलं, म्हणजे पाणी संपल्यानंतर नळ बसवला असं म्हणायला हरकत नाही.

ज्यांनी आधी हंडे भरून ठेवले त्यांची मात्र मजा आहे. अमेरिकेकडे दीडशे कोटींच्या वर पत्ते आहेत. भारताकडे ४ कोटींच्या आसपास. १४० कोटी लोकांना ४ कोटी पत्ते. भागाकार करा, एका पत्त्यामागे पस्तीस माणसं.

आणि जे दुर्मीळ असतं त्याचा बाजार भरतोच. २०११ मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या नॉर्टेल कंपनीकडून मायक्रोसॉफ्टने ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला विकत घेतले. म्हणजे एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. पुढच्या दहा वर्षांत हाच भाव पन्नास डॉलरच्या घरात गेला. १ फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉनच्या क्लाउडवर तुम्ही एक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्ता वापरत असाल, तर तासाला अर्धा सेंट लागतो. ऐकायला काहीच नाही. वर्षाचा हिशोब केला तर जवळपास ४४ डॉलर. तुमचा कॉलेजचा प्रोजेक्ट क्लाउडवर चालू ठेवलात आणि बंद करायला विसरलात, तर बिलात ही ओळ दिसेल.

एक हॉस्टेल, एक पत्ता

मग पस्तीस माणसांना एका पत्त्यावर चालवतात कसं? हॉस्टेलसारखं.

समजा तुमच्या हॉस्टेलला पोस्टाचा एकच पत्ता आहे. तुम्ही पत्र पाठवलंत की रेक्टर वहीत लिहून ठेवतो, खोली नंबर १२ मधून पत्र गेलं. उत्तर आलं की वही बघून तो ते खोलीत आणून देतो. यात काही अडत नाही. पण बाहेरून कुणी आपणहून, खोली नंबर न लिहिता, तुमच्या नावे पार्सल पाठवलं तर? वहीत नोंद नाही. पार्सल परत.

सेवा पुरवठादार नेमकं हेच करतात. याला सीजीनॅट म्हणतात. एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरं बसवली जातात. तुम्ही रील बघता, फॉर्म भरता, क्लास करता, सगळं चालतं, कारण सुरुवात तुमच्याकडून होते. बाहेरून आत यायचं झालं की गाडी अडते. आणि हॉस्टेलमधल्या एकाने काच फोडली की दंड सगळ्यांना, तो वेगळाच. माझा फॉर्म त्यामुळेच अडला असणार. त्या संध्याकाळी माझ्याच पत्त्यामागून बहुधा आणखी कितीतरी जण तोच फॉर्म भरत होते. त्या साइटच्या नजरेत आम्ही सगळे मिळून एकच उतावीळ माणूस होतो.

तुम्हाला बघायचं असेल तर आत्ताच बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये जा, ‘वॅन आयपी’ समोरचा आकडा लिहून घ्या. मग सर्च इंजिनला विचारा, माझा आयपी काय. दोन्ही आकडे सारखे असले तर पत्ता तुमचा. वेगळे असले तर तुम्ही हॉस्टेलमध्ये आहात. राउटरमधला आकडा १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कशाने सुरू होत असेल तर शंकाच नको. तो पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवलाय.

मामाचं दुकान

फॉर्म काय, हॉटस्पॉटवरून भरता येतो. धंदा हॉटस्पॉटवरून चालत नाही.

माझ्या मामाचं कृषी सेवा केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं. दुसऱ्या गावात त्याने छोटी शाखा काढली, तेव्हा दोन्हीकडचा स्टॉक एकाच कॉम्प्युटरवर दिसावा म्हणून त्याने ‘बिझनेस प्लॅन’ घेतला. घरगुती प्लॅनपेक्षा महाग. सॉफ्टवेअरवाला पोरगा आला, दोन दिवस खटपट केली, शाखेतून मुख्य दुकानाचा कॉम्प्युटर काही लागेना. मग त्याने राउटर उघडून बघितला आणि म्हणाला, ‘‘मामा, तुमाला पब्लिक आयपीच दिला न्हाई यांनी.’’

मामाने पुरवठादाराला फोन लावला. उत्तर आलं, ‘‘स्टॅटिक घ्यावा लागंल, त्याचे पैसे वेगळे.’’

‘‘मग बिझनेस प्लॅनचे पैसे कशाचे?’’

‘‘स्पीडचे.’’

मामाने पैसे भरले. पत्ता मिळाला, दुकानं जोडली गेली. ग्राहकाला बिलाचा मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडेही तो पत्ता नोंदवला, कारण ती कंपनी नोंदलेल्या पत्त्यावरूनच मेसेज घेते. बँका, पेमेंट गेटवे, मोठे पुरवठादार, सगळ्यांचं असंच असतं. ओळखीच्या पत्त्यालाच दार उघडायचं.

आठ महिन्यांनी, ऐन खरिपात, दुकानात पेरणीची गर्दी असताना, सगळं बंद पडलं. नेट चालू, पण शाखा जोडेना, मेसेज जाईनात. तीन दिवस कुणाला कळेना काय झालं. चौथ्या दिवशी कळलं, की पुरवठादाराने त्याची वरची कंपनी बदलली आणि मामाचा ‘स्टॅटिक’ पत्ता बदलून टाकला. ना फोन, ना मेसेज. स्टॅटिकचा अर्थ स्थिर, असं मी शाळेत शिकले होते.

मी चिडून त्या पुरवठादाराकडे गेले. मनात बातमीच लिहून ठेवली होती. भेटल्यावर मात्र माझी बातमी अर्धी राहिली. तो म्हणाला, ‘‘ताई, मला वरून मोजून आठ पत्ते मिळालेत. तेच सगळ्या गिऱ्हाइकांना वाटायलोय. वरच्यानं दर वाढवला म्हणून दुसऱ्याकडं गेलो, तर त्यानं त्याचे पत्ते काढून घेतले. माझेच नव्हते, तर तुमच्या मामाला काय देऊ?’’

खरं होतं. आपल्या गावोगावी नेट पोहोचवलं ते अशा लोकांनी. आधी केबल टीव्ही, मग त्याच खांबांवरून फायबर. पावसात तार तुटली की रात्री दहालाही शिडी घेऊन येणारे हेच. त्याला स्वतःचे पत्ते घ्यायचे तर इरिनचं सदस्यत्व, फी, कागदपत्रं, स्वतःचा नेटवर्क क्रमांक, एवढं करून हातात ५१२ पत्ते. बाजारातून घ्यायचे तर पन्नास डॉलरच्या भावाने ५१२ पत्त्यांचे पंचवीस हजार डॉलर होतात. तालुक्याच्या केबलवाल्याला हे परवडणार आहे का?

म्हणजे टंचाई त्याची चूक नाही. पण मामाला आधी सांगितलं नाही, ही मात्र त्याचीच चूक. या दोन गोष्टींची गल्लत व्हायला नको. आपल्याकडे टंचाईच्या नावाखाली न सांगणं खपून जातं, नळाच्या पाण्यापासून एसटीच्या फेरीपर्यंत.

मोबाइल नंबर नेता येतो, पत्ता का नाही?

तुम्ही म्हणाल, पुरवठादार बदलावा आणि पत्ता बरोबर घेऊन जावा. मोबाइलचं तसंच असतं की. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय भारतात नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणातून सुरू झाली आणि जानेवारी २०११ मध्ये देशभर आली. त्यानंतर कंपन्या ग्राहकाशी जरा नीट बोलायला लागल्या, कारण ग्राहक पळून जाऊ शकत होता.

आयपी पत्त्याचं तसं नाही. पुरवठादाराने दिलेला पत्ता त्याच्या गठ्ठ्यातला असतो. तुम्ही भाडेकरू. घर सोडलंत की पत्ता मालकाकडे. यामागे तांत्रिक कारण आहे. जगभरच्या राउटरना एकेका दुकानाचा पत्ता वेगळा लक्षात ठेवायला लावला, तर त्यांची यादी फुगून फुटेल. म्हणून पत्ते गठ्ठ्याने चालतात. कारण मला पटतं. पण त्याचा परिणाम असा, की ज्याने आपला धंदा त्या पत्त्यावर बांधला, तो पुरवठादाराच्या मुठीत जातो. दर वाढवला, सेवा बिघडली, तरी हलता येत नाही, कारण हललं की दहा ठिकाणी पत्ता बदलून घ्यावा लागतो.

मोठ्या कंपन्यांचं बरं असतं. त्या थेट इरिनकडून स्वतःचे पत्ते घेतात आणि दोन-दोन पुरवठादार ठेवतात. त्यांच्यातही भांडणं होतात, पण ती कोर्टात होतात. आफ्रिकेत काय झालं बघा. तिथल्या नोंदणी संस्थेने, म्हणजे आफ्रिनिकने, एका कंपनीला दिलेले साठ लाखांच्या वर पत्ते परत मागितले, कारण ते आफ्रिकेबाहेर वापरले जातायत असं तिचं म्हणणं होतं. कंपनी कोर्टात गेली आणि २०२१ मध्ये मॉरिशसच्या कोर्टाने चक्क त्या संस्थेचीच बँक खाती काही काळ गोठवली. एका खंडाचे पत्ते वाटणारी संस्था पगार कसा द्यायचा या चिंतेत! भांडण एकाच प्रश्नाचं होतं. पत्ता दिला म्हणजे विकला, की वापरायला दिला?

मामाच्या दुकानातही प्रश्न तोच होता. फक्त मामाकडे वकील नव्हता.

पुण्याची ती गोष्ट

‘एवढं काय त्यात, दोन-तीन दिवस मेसेज बंद राहिले’ असं वाटत असेल, तर एक जुनी गोष्ट सांगते. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा चड्डीत होते.

२००७ साल. ऑर्कुट नावाची साइट तेव्हा आजच्या इन्स्टासारखी होती. तिच्यावर कुणीतरी छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी तपास केला, आयपी ॲड्रेस मिळवला, आणि तो त्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता हे सेवा पुरवठादार कंपनीला विचारलं. कंपनीने एक नाव दिलं. पोलिसांनी बंगळुरूतल्या एका तरुण आयटी अभियंत्याला त्याच्या घरातून उचललं. सुमारे पन्नास दिवस तो तुरुंगात राहिला. नंतर निष्पन्न झालं, की कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. त्या वेळी तो पत्ता त्याच्याकडे नव्हताच.

तेव्हा एका वेळी एक पत्ता एका ग्राहकाकडे असायचा, तरी वहीतली एक नोंद चुकली आणि एका माणसाचे पन्नास दिवस गेले. आज एका पत्त्यामागे शेकडो लोक आहेत. २०१७ मध्ये युरोपच्या पोलीस संघटनेने, युरोपोलने, नेमकी हीच भीती जाहीरपणे बोलून दाखवली, की पत्ते असे वाटून वापरले तर गुन्हेगार सापडत नाही आणि निरपराध माणूस संशयात येतो. आपल्याकडे पुरवठादारांनी अशा नोंदी किमान दोन वर्षं जपाव्यात असा नियम आहे. चांगलं आहे. पण रेक्टरची वही नीट लिहिली जाते का, हे हॉस्टेलमधल्या पोरांना कसं कळणार?

इलाज आहे, पण अर्धवट

आता तुमच्यातला कॉम्प्युटरचा विद्यार्थी हात वर करून बसला असेल. आयपीव्ही-६! बरोबर. या नव्या प्रकारात पत्ते इतके आहेत, की ३४० लिहून पुढे छत्तीस शून्यं द्यावी लागतात. प्रत्येक घराला, प्रत्येक कॅमेऱ्याला, मामाच्या प्रत्येक खताच्या पोत्यालाही स्वतःचा पत्ता देता येईल.

आणि इथे भारत मागे नाही, हे अभिमानाने सांगायला हवं. दूरसंचार विभागाने २०१० मध्येच आयपीव्ही-६ चा आराखडा आणला होता. २०१६ मध्ये जिओ आलं ते आयपीव्ही-६ घेऊनच. आज भारतातले दहातले सुमारे सात वापरकर्ते आयपीव्ही-६ वर आहेत, जगातल्या पहिल्या काही देशांत आपण आहोत. माझ्या भावाच्या हॉटस्पॉटवरून फॉर्म लगेच गेला, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

पण मोबाइल पुढे गेला आणि वायरची जोडणी मागे राहिली. ३१ डिसेंबर २०२२ नंतर दिलेली प्रत्येक नवी वायरची जोडणी आयपीव्ही-६ चालवू शकणारी असावी, असं दूरसंचार विभागाने सांगितलं होतं. ‘चालवू शकणारी असणं’ आणि ‘चालू असणं’ यात आपल्याकडे केवढं अंतर असतं, ते पाण्याच्या मीटरवरून ओळखा. राउटरमध्ये सोय असते, पण बटण बंद असतं. शिवाय एका बाजूने चालू करून भागत नाही. मामाकडे आयपीव्ही-६ असलं आणि मेसेजवाल्या कंपनीला फक्त जुनाच पत्ता कळत असला, तर मामा जिथल्या तिथे.

म्हणून ‘आयपीव्ही-६ आलं की सगळं सुटेल’ हे मला पटत नाही. ते येत राहील. तोवर जुन्या पत्त्यांवर धंदे चालणार आहेत, फॉर्म भरले जाणार आहेत. त्या काळासाठी मला तंत्रज्ञान नकोय, एक कागद हवाय.

आमच्या खंडोबाचा करार

कागद म्हणजे काय, ते आमच्या गावाकडून शिकण्यासारखं आहे.

अणदूरचा खंडोबा तुम्हाला माहीत असेल. मूर्ती एकच, देवळं दोन. वर्षातले बहुतेक महिने देव आमच्या अणदुरात असतो आणि सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिकडे भरते. एक देव आणि दोन गावं, म्हणजे भांडणाला केवढी जागा! पण देव नेताना आणि आणताना दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. कधी न्यायचा, कधी परत आणायचा, सगळं कागदावर. मग पालखी निघते. देवाचा पत्ता बदलतो, पण तो कधी बदलणार हे अख्ख्या पंचक्रोशीला आधीपासून ठाऊक असतं. कुणी भाविक चुकीच्या देवळात नारळ घेऊन उभा राहत नाही.

वस्तू एक आणि मागणारे अनेक असले, की वाटून घेण्यात गैर काहीच नाही. फक्त ते लिहून, सांगून करायचं. आमच्या गावाला हे कळतं, आणि फायबर टाकणाऱ्या कंपन्यांना का कळू नये?

माझं मागणं अगदी साधं आहे. प्रत्येक ब्रॉडबँड प्लॅनच्या जाहिरातीत आणि बिलावर चार गोष्टी मराठीत लिहिलेल्या असाव्यात. एक, पत्ता तुमचा एकट्याचा की वाटलेला. दोन, तो कायम राहणार की बदलणार. तीन, पैसे घेऊन दिलेला स्थिर पत्ता बदलायचा झाला तर किमान महिनाभर आधी लेखी सूचना, आणि ती न दिल्यास भरलेले पैसे परत. चार, आयपीव्ही-६ चालू आहे की नाही. एवढंच. स्पीडचा आकडा जाहिरातीत हातभर मोठा छापता येतो, तर त्याच्याखाली या चार ओळी सहज मावतील. ट्राय दरांच्या पारदर्शकतेबद्दल सतत बोलते, तिने हे सक्तीचं करावं. ‘बिझनेस’ हा शब्द प्लॅनला लावायचा असेल तर त्यात पत्त्याचा खुलासा हवाच.

यावर पुरवठादार म्हणतील, नव्वद टक्के गिऱ्हाइकांना याचं काही पडलेलं नाही, उगाच गोंधळ वाढेल. पडलेलं नाही, कारण माहीत नाही. पॅकेटवर साखर किती ते छापायला लागले, तेव्हाही सगळ्यांनी वाचलं नव्हतं. पण ज्याला मधुमेह आहे त्याने वाचलं. छोट्या केबलवाल्यालाही याचा फायदाच आहे. ‘माझ्याकडे आठच पत्ते आहेत’ हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर मामा त्याच्यावर भडकला नसता, त्याने दुसरी सोय बघितली असती.

आणि आपण काय करायचं? ज्यांच्या घरी दुकान आहे, क्लास आहे, दूध संकलन केंद्र आहे, त्यांनी नवं कनेक्शन घेताना हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. स्टार्टअपची स्वप्नं बघणाऱ्यांनी आपली सेवा एखाद्या पत्त्याच्या आकड्यावर बांधू नका, स्वतःचं डोमेन नाव घ्या. मागचा पत्ता बदलला तरी नाव तुमचं राहतं. कॉम्प्युटर शिकणाऱ्यांनी सुट्टीत घरी गेलात की राउटरमधलं आयपीव्ही-६ चालू आहे का तेवढं बघा. अन्याय झालाच तर गप्प बसू नका. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक मंचात जाता येतं, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलंय.

मामाने या वर्षी कनेक्शनचं नूतनीकरण केलं, त्याच पुरवठादाराकडे. मी विचारलं, का? तर म्हणाला, ‘‘पोरगं कामाचं हाय, फक्त बोलत न्हाई.’’ या वेळी मात्र त्याने बिलाच्या मागे पेनाने लिहून घेतलं, पत्ता बदलायच्या आधी महिनाभर कळवेन. खाली त्या दादाची सही. कोऱ्या बिलामागच्या त्या दोन ओळींना कोर्टात किती किंमत आहे, मला ठाऊक नाही. पण तालुक्यातला कदाचित तो पहिला लेखी करार असेल. दुसरा तुमच्या घरी होऊ द्या.